शेकडो फोटो एकाच वेळी तयार करून सेव्ह करताना: फोटोशॉपमधील बॅचची कार्यपद्धती

शाळेचे स्नेहसंमेलन असो, लग्न असो किंवा मंडळाची मिरवणूक असो, कार्यक्रम संपल्यावर मेमरी कार्डातून पाच-सहाशे फोटो संगणकावर उतरतात. त्यातील प्रत्येक फोटो उघडून लहान करायचा, थोडा धारदार करायचा, कोपऱ्यात नाव टाकायचे आणि नव्या नावाने सेव्ह करायचा, असे ठरवले तर एका फोटोला दोन मिनिटे धरली तरी अख्खे दोन दिवस त्यातच जातात. फोटोशॉपमध्ये हे काम 'अ‍ॅक्शन' आणि 'बॅच' या दोन सोयींनी होते (पहिली म्हणजे एकदा नोंदवून ठेवलेला आज्ञांचा क्रम, दुसरी तोच क्रम फोल्डरातील सगळ्या फोटोंवर आपोआप चालवते) आणि त्या शिकायला फारशा अवघडही नाहीत. तरीही अनेक जण एकदा प्रयत्न करून ते सोडून देतात, कारण संपादनाचा भाग बिनचूक होतो, पण सेव्ह करण्याच्या पायरीवर काहीतरी बिनसते: सहाशे फोटोंऐवजी एकच फोटो उरतो, प्रत्येक फोटोला चौकट उघडून प्रश्न विचारला जातो, किंवा मूळ फोटोच लहान होऊन बसतात. म्हणून या लेखात संपादनापेक्षा सेव्ह करण्यावर अधिक भर दिला आहे. उदाहरणादाखल 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेले, 6000 बाय 4000 पिक्सेलचे जेपीजी फोटो घेतले आहेत आणि ते लांब बाजू 2048 पिक्सेल असलेल्या, नावाचा शिक्का असलेल्या, संकेतस्थळावर किंवा फोनवर पाहण्याजोग्या प्रतींमध्ये बदलायचे आहेत, असे गृहीत धरले आहे.

आधी फोल्डर, मग फोटोशॉप

फोटोशॉप उघडण्यापूर्वी डिस्कवर तीन फोल्डर करावेत: एक मूळ फोटोंचा, एक तयार प्रतींचा आणि एक चाचणीचा. तयार प्रतींचा फोल्डर मूळ फोटोंच्या फोल्डराच्या आत कधीही ठेवू नये. आत ठेवला आणि बॅचमध्ये उपफोल्डर समाविष्ट करण्याची खूण केलेली असली, तर पुढच्या वेळी तयार झालेल्या लहान प्रतीही कच्चा माल म्हणून पुन्हा प्रक्रियेत जातात आणि एकाच फोटोवर दोन शिक्के उमटतात. मूळ फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आधीच घेतलेली असावी, हे वेगळे सांगायला नकोच. फोटो थेट पेनड्राइव्हवरून किंवा कार्डावरून प्रक्रियेला लावू नयेत. ते संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेतल्यास काम बरेच वेगाने होते आणि केबल हलल्यामुळे मध्येच अडत नाही.

दोन कॅमेरे वापरले असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. कॅमेरे साधारणपणे चार अंकी क्रमांक देतात आणि 9999 नंतर पुन्हा 0001 पासून सुरुवात करतात, त्यामुळे दोन वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या फायली असणे अगदी सहज शक्य असते. बॅच ही सोय उपफोल्डरांची रचना जपत नाही, सगळे एकाच ठिकाणी आणून टाकते, आणि तिथे नावे जुळली की एक फोटो दुसऱ्यावर लिहिला जातो. यावर उपाय म्हणजे अ‍ॅडोबी ब्रिज या फोटो पाहण्याच्या आणि लावण्याच्या प्रोग्रॅममधील 'टूल्स' मेनूतील 'बॅच रिनेम' वापरून फोटो काढल्याची तारीख आणि वेळ नावात आणणे. मूळ नाव हवेसे वाटत असेल तर त्याच चौकटीत ते फायलीच्या माहितीत जपून ठेवण्याचा पर्यायही आहे. नावे रोमन अक्षरांत आणि अंकांत, मधल्या मोकळ्या जागा टाळून द्यावीत. देवनागरी नावे आजच्या विंडोज आणि मॅकवर नीट चालतात, पण फायली पुढे ज्यांच्याकडे जाणार त्या छपाईवाल्याच्या किंवा संकेतस्थळाच्या यंत्रणेत ती टिकतीलच, याची खात्री नसते.

काय बॅचला द्यावे आणि काय देऊ नये

बॅच डोळे मिटून काम करते. आकार बदलणे, रंगाची प्रोफाइल (फोटोतील रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणारी नोंद) बदलणे, धार वाढवणे, शिक्का टाकणे आणि सेव्ह करणे, ही कामे तिला निर्धास्त सोपवावीत. कातरकाम मात्र सोपवू नये, कारण डोके कुठे आहे आणि पाय कुठे आहेत हे तिला कळत नाही. 'ऑटो टोन' किंवा 'ऑटो कलर' यांसारख्या आज्ञा अ‍ॅक्शनमध्ये घालण्याचा मोह होतो, पण माझ्या मते तो टाळलेलाच बरा. या आज्ञा प्रत्येक फोटोचा स्वतंत्र हिशेब करतात, त्यामुळे एकाच नृत्याचे सलग चार फोटो चार वेगळ्या छटांचे होतात, आणि रंगमंचावरचा जांभळा-लाल प्रकाश तर 'दुरुस्त' होऊन पार बेरंग होतो. प्रकाश सुधारायचाच असेल तर सारख्या प्रकाशातले फोटो 'कॅमेरा रॉ' या फोटोशॉपच्या प्रकाश-रंग दुरुस्तीच्या खिडकीत एकत्र उघडावेत, एकावर दुरुस्ती करावी आणि ती 'सिंक'ने बाकीच्यांवर लावावी. त्यानंतरच बॅचकडे वळावे.

अ‍ॅक्शन रेकॉर्ड करणे

'विंडो' मेनूतून 'अ‍ॅक्शन्स' हे पॅनल उघडावे. विंडोजवर ऑल्ट आणि एफ 9 एकत्र दाबले तरी ते उघडते. पॅनलच्या तळाशी फोल्डराचे चिन्ह आहे, त्यावर क्लिक करून आपल्या नावाचा नवा संच करावा, म्हणजे फोटोशॉपसोबत आलेल्या अ‍ॅक्शन्समध्ये आपली अ‍ॅक्शन हरवत नाही. मग एक फोटो उघडावा आणि त्यानंतरच नवी अ‍ॅक्शन करून 'रेकॉर्ड' दाबावे. फोटो आधी उघडायचा, कारण रेकॉर्डिंग सुरू केल्यावर उघडला तर 'ओपन' ही आज्ञाही त्या विशिष्ट फायलीच्या पत्त्यासह नोंदली जाते आणि पुढे बॅच प्रत्येक वेळी तोच फोटो उघडू पाहते. रेकॉर्डिंग चालू असताना घाई करण्याचे कारण नाही. फोटोशॉप वेळ नोंदत नाही, फक्त आज्ञा नोंदते, त्यामुळे मध्येच विचार करायला थांबले तरी बिघडत नाही.

पहिली आज्ञा रंगाची असावी. 'एडिट' मेनूतील 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' उघडून एसआरजीबी, म्हणजे संकेतस्थळांसाठीची प्रमाण प्रोफाइल, निवडावे. शेजारचे 'असाइन प्रोफाइल' निवडू नये, कारण ते रंगांचे रूपांतर करत नाही, फक्त लेबल बदलते आणि त्यामुळे फोटो वेगळा दिसू लागतो. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबी या अधिक रंग सामावणाऱ्या प्रोफाइलवर ठेवलेला असेल तर ही पायरी वगळल्यास काही पडद्यांवर फोटो फिकट दिसतात आणि दोष कॅमेऱ्याला लागतो.

दुसरी आज्ञा आकाराची. येथे बहुतेक जण 'इमेज साइझ' वापरून रुंदी 2048 नोंदवतात, आणि मग उभे फोटो 2048 पिक्सेल रुंद आणि 3072 पिक्सेल उंच होऊन आडव्या फोटोंपेक्षा कितीतरी मोठे निघतात. त्याऐवजी 'फाइल' मेनूतील 'ऑटोमेट' या भागात असलेले 'फिट इमेज' वापरावे. त्यात रुंदी आणि उंची या दोन्ही चौकटींत 2048 लिहिले की फोटो आडवा असो वा उभा, त्याची लांब बाजूच 2048 होते आणि प्रमाण बिघडत नाही. तिथेच 'डोन्ट एनलार्ज' ही खूण आहे, ती करावी, म्हणजे कुणीतरी फोनवरून पाठवलेला मुळातच लहान फोटो ताणला जात नाही.

तिसरी आज्ञा धार वाढवण्याची. ती आकार कमी केल्यानंतरच यावी, कारण 6000 पिक्सेलवर वाढवलेली धार लहान करताना बरीचशी विरून जाते. 'फिल्टर' मेनूतील 'अनशार्प मास्क' घेऊन प्रमाण 70 टक्के, त्रिज्या 0.6 पिक्सेल आणि थ्रेशोल्ड (किती फरक असलेल्या कडांवर धार लावायची ती मर्यादा) 2 अशी सुरुवात करता येते. चेहऱ्यांवर खरखर दिसली तर प्रमाण कमी करावे, त्रिज्या वाढवू नये.

नावाचा शिक्का

चौथी पायरी शिक्क्याची, आणि मराठी नाव टाकणाऱ्यांनी तिच्याकडे जरा बारकाईने पाहावे. जुन्या फोटोशॉपमध्ये मजकुराची व्यवस्था दक्षिण आशियाई लिप्यांसाठी मुद्दाम निवडलेली नसेल, तर युनिकोड देवनागरीतील जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. आपल्याकडील अनेक स्टुडिओ श्रीलिपीसारख्या जुन्या फाँट पद्धतीला चिकटून राहिले, त्यामागे हेही एक कारण होते. 'प्रेफरन्सेस'मधील 'टाइप' या भागात मजकुराचे इंजिन बदलून आणि परिच्छेदाच्या पॅनलमधील मेनूत 'वर्ल्ड-रेडी' पर्याय निवडून हे सुटते. पण अ‍ॅक्शनसाठी त्याहून सोपा मार्ग असा, की नाव एकदाच नीट लिहून, पारदर्शक पार्श्वभूमीवर, साधारण 400 पिक्सेल रुंदीची पीएनजी फाइल करून ठेवावी. मग अ‍ॅक्शनमध्ये मजकूरही नाही आणि फाँटही नाही. फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावरही ती चालते.

रेकॉर्डिंग चालू असताना 'फाइल' मेनूतून 'प्लेस एम्बेडेड' करून ही पीएनजी आणावी आणि एंटर दाबून पक्की करावी. ती फोटोच्या मधोमध येते. तिला माउसने ओढून कोपऱ्यात नेऊ नये, कारण फोटोशॉप 'कोपऱ्यात' असे नोंदत नाही; 'इतके पिक्सेल उजवीकडे, इतके खाली' असे नोंदते, आणि आडव्या फोटोसाठी बरोबर असलेले हे अंतर उभ्या फोटोत शिक्क्याला कडेबाहेर घेऊन जाते. म्हणून आधी कंट्रोल आणि ए दाबून सगळा फोटो निवडावा, मग 'लेयर' मेनूतील 'अलाइन लेयर्स टू सिलेक्शन' या भागातून उजवी कड आणि नंतर खालची कड निवडावी. शिक्का अचूक कोपऱ्यात जातो. त्यानंतर मूव्ह टूल घेऊन शिफ्टसह डावा बाण चार वेळा आणि वरचा बाण चार वेळा दाबावा. शिफ्टसह प्रत्येक दाबाला दहा पिक्सेल याप्रमाणे शिक्का दोन्ही कडांपासून चाळीस पिक्सेल आत येतो आणि हे अंतर आता आडव्या-उभ्या सगळ्या फोटोंना लागू पडते. फोटो लहान करण्याची पायरी आधी झालेली असल्यामुळे शिक्क्याचे फोटोशी प्रमाणही सारखेच राहते. शेवटी निवड काढून टाकावी आणि 'फ्लॅटन इमेज' देऊन शिक्का आणि फोटो यांचे थर (लेयर) एक करावेत. पीएनजी फाइल ज्या फोल्डरात आहे तिथून मात्र नंतर हलवू नये, कारण तिचा पत्ता अ‍ॅक्शनमध्ये नोंदला गेलेला असतो.

सेव्ह ही पायरी अ‍ॅक्शनमध्ये का हवी

अ‍ॅक्शनमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' नोंदवले नाही तर बॅच फोटो सेव्ह करायला जाते, पण जेपीजीचा दर्जा किती ठेवायचा हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. म्हणून ती प्रत्येक फोटोपाशी चौकट उघडून विचारत बसते आणि सहाशे वेळा 'ओके' दाबण्याची वेळ येते. तेव्हा रेकॉर्डिंग चालू असतानाच 'सेव्ह अ‍ॅज' द्यावे, चाचणीचा फोल्डर निवडावा, प्रकार जेपीजी ठेवावा आणि फायलीच्या नावाच्या चौकटीला हातही लावू नये. नाव बदलले की ते नावही अ‍ॅक्शनमध्ये नोंदले जाते, आणि पुढे योग्य ती खूण नसेल तर प्रत्येक फोटो त्याच एका नावाने, आधीच्या फोटोवर सेव्ह होतो. सहाशेतून एकच फोटो उरण्याची तक्रार बहुतेक वेळा येथूनच निघते.

2021 पासूनच्या आवृत्त्यांत 'सेव्ह अ‍ॅज'च्या यादीत जेपीजी दिसत नाही, अशी तक्रार ऐकू येते. त्या वर्षी अ‍ॅडोबीने व्यवस्था बदलली: फोटोत एकाहून अधिक लेयर असतील किंवा तो 16 बिटचा (प्रत्येक रंगाच्या अधिक छटा साठवणारा) असेल, तर जेपीजी हा पर्याय 'सेव्ह अ कॉपी'मध्येच मिळतो. आपण 'फ्लॅटन' आधीच केलेले असल्यामुळे आणि कॅमेऱ्याचा जेपीजी 8 बिटचाच असल्यामुळे येथे अडचण येत नाही. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) किंवा टिफ फायलींवरून काम करणाऱ्यांनी मात्र 'इमेज' मेनूतील 'मोड'मधून 8 बिटची आज्ञाही आधी नोंदवावी, आणि ती 16 बिटचा फोटो उघडूनच नोंदवावी. जुनीच पद्धत हवी असेल तर 'प्रेफरन्सेस'मधील 'फाइल हँडलिंग'मध्ये तशी खूण करता येते.

दर्जाची मोजपट्टी 0 ते 12 अशी आहे. पडद्यावर पाहायच्या फोटोंसाठी 9 किंवा 10 पुरेसा असतो. 12 ने फाइल बरीच फुगते आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. 6 आणि त्याखाली मात्र जाऊ नये. त्या पातळीपासून फोटोशॉप रंगाची माहिती निम्म्या रुंदी-उंचीत साठवते, आणि त्याचा परिणाम नेमका आपल्याकडच्या फोटोंत दिसतो: लाल नऊवारीचा काठ, कुंकू, झेंडूचे तोरण यांच्या कडा पसरट आणि मळकट होतात. दर्जा निवडून 'ओके' केल्यावर फोटो बंद न करता रेकॉर्डिंग थांबवावे. आता पॅनलमध्ये आपला संच निवडून, पॅनलच्या मेनूतून 'सेव्ह अ‍ॅक्शन्स' द्यावे आणि संच फायलीच्या रूपात जपून ठेवावा. हा पर्याय पुसट दिसत असेल तर संचाऐवजी एखादी अ‍ॅक्शन निवडलेली असते.

बॅचची चौकट भरणे

'फाइल' मेनूतील 'ऑटोमेट' या भागातून 'बॅच' उघडावे. वर आपला संच आणि आपली अ‍ॅक्शन निवडावी. 'सोर्स'मध्ये 'फोल्डर' निवडून मूळ फोटोंचा फोल्डर दाखवावा. त्याखालच्या खुणांपैकी 'ओव्हरराइड अ‍ॅक्शन ओपन कमांड्स' रिकामी ठेवावी. आपल्या अ‍ॅक्शनमध्ये 'ओपन' नाही, आणि नसताना ही खूण केली तर बॅच एकही फोटो उघडत नाही. फायली उघडतानाच्या चौकटी आणि रंगाच्या प्रोफाइलचे इशारे दाबून टाकण्याच्या दोन खुणा मात्र कराव्यात.

'डेस्टिनेशन'मध्ये तीन पर्याय असतात. 'नन' निवडल्यास फोटो उघडेच राहतात आणि सहाशे खिडक्यांच्या ओझ्याखाली संगणक दबतो. 'सेव्ह अँड क्लोज' मूळ फोटोवरच सेव्ह करते; आपल्या कामात त्याला कधीही हात लावू नये. 'फोल्डर' निवडून तयार प्रतींचा फोल्डर दाखवावा आणि त्याखालची 'ओव्हरराइड अ‍ॅक्शन सेव्ह अ‍ॅज कमांड्स' ही खूण न विसरता करावी. या खुणेचा अर्थ असा, की सेव्ह करण्याचा प्रकार आणि दर्जा अ‍ॅक्शनमधून घ्यावा, पण ठिकाण आणि नाव या चौकटीतून घ्यावे. ती नसेल तर सगळे फोटो अ‍ॅक्शनमध्ये नोंदलेल्या चाचणीच्या फोल्डरातच जाऊन पडतात. उलट अ‍ॅक्शनमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' नसताना ती केली, तर काहीच सेव्ह होत नाही. 'सेव्ह फॉर वेब' किंवा 'एक्स्पोर्ट'च्या आज्ञांवर या खुणेचा अंमल चालत नाही, हेही लक्षात ठेवावे. म्हणूनच वर साधे 'सेव्ह अ‍ॅज' वापरले आहे.

नावाच्या रकान्यांत पहिल्यात कार्यक्रमाचे छोटे नाव, दुसऱ्यात तीन अंकी अनुक्रमांक आणि तिसऱ्यात लहान लिपीतील एक्स्टेन्शन ठेवावे. फोटो हजारावर असतील तर चार अंकी क्रमांक घ्यावा. मूळ नावाशी जुळणी राखायची असेल, म्हणजे ग्राहक लहान प्रत पाहून मोठ्या फोटोची मागणी करणार असेल, तर अनुक्रमांकाऐवजी मूळ नाव आणि त्यापुढे एखादी खूणगाठ ठेवणे अधिक सोयीचे. शेवटी 'एरर्स'मध्ये 'स्टॉप फॉर एरर्स'ऐवजी 'लॉग एरर्स टू फाइल' निवडून त्या फायलीची जागा दाखवावी, नाहीतर एखाद्या बिघडलेल्या फायलीपाशी काम रात्रभर अडून राहते.

'ओके' दाबण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. चाचणीच्या फोल्डरात पाच फोटो ठेवावेत, पण ते मुद्दाम वेगवेगळे असावेत: एक आडवा, एक उभा, एक फोनवरचा, एक दोन हजार पिक्सेलांहून लहान, आणि एक असा की ज्याचा उजवा खालचा कोपरा पांढराशुभ्र आहे, म्हणजे पांढरा शिक्का त्यावर दिसतो का ते कळेल. तयार प्रती शंभर टक्के मोठ्या करून पाहाव्यात. मुख्य काम चालू असताना थांबवायचे झाल्यास एस्केप दाबावे. पूर्ण झाल्यावर दोन्ही फोल्डरांतील फायलींची संख्या जुळवावी आणि तयार फोल्डर फाइलच्या आकारानुसार लावून सर्वांत लहान फायली आधी उघडाव्यात. अर्धवट लिहिलेला किंवा काळा फोटो असेल तर तो तिथेच सापडतो. त्रुटींची फाइल रिकामी आहे का, हेही पाहावे.

घाईचे काम आणि फुकटचे पर्याय

शिक्का नको आणि नावे तीच ठेवायची असतील, तर एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. 'फाइल' मेनूतील 'स्क्रिप्ट्स'मध्ये 'इमेज प्रोसेसर' आहे. फोल्डर दाखवावा, 'रिसाइझ टू फिट'मध्ये दोन्हीकडे 2048 लिहावे, एसआरजीबीची खूण करावी, दर्जा द्यावा आणि सुरू करावे. तो जेपीजी, पीएसडी (फोटोशॉपचा स्वतःचा प्रकार) आणि टिफ अशा प्रती एकाच फेरीत, आपापल्या उपफोल्डरांत काढून देतो, फोल्डरांची रचना जपू शकतो आणि त्याच ठिकाणी पुन्हा चालवला तरी आधीच्या फायलींवर लिहीत नाही. शेवटी एखादी अ‍ॅक्शन चालवण्याची सोयही त्यात आहे. मात्र अशा अ‍ॅक्शनमध्ये सेव्हची पायरी नसावी.

फोटोशॉप नसलेल्यांनी एक्सएनकन्व्हर्ट वापरून पाहावे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे. त्यात फायली, क्रिया आणि आउटपुट असे वेगवेगळे टॅब असल्यामुळे वर सांगितलेला सगळा क्रम एका नजरेत दिसतो. विंडोजवर इरफानव्ह्यूही आहे; ते उघडून बी हे अक्षर दाबले की बॅचची चौकट येते आणि त्यातील प्रगत पर्यायांत लांब बाजूचा आकार देता येतो. दोन्हींत एकच खूण पहिल्यांदा शोधावी: त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर काय करायचे, याची. तिथे 'ओव्हरराइट' निवडलेले नाही एवढे पाहून मगच सुरुवात करावी.